कॉलेजात मतदार नोंदणीचं टेबल लावताना

टेबल प्रवेशाच्या किंवा परीक्षा फॉर्मच्या दिवसांत ऑफिसजवळ लावा. तेव्हा पोरांच्या हातात कागदपत्रं असतातच. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला नमुना ८. नाव आधीच यादीत असलेल्याने पुन्हा ६ भरला तर दुबार नोंद होते, म्हणून आधी यादीत नाव शोधा.

पात्रतेच्या तारखेला वय १८ पूर्ण हवं. अशा तारखा वर्षात चार: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांचा अर्ज आगाऊ घेतात, त्यामुळे अकरावी-बारावीच्या वर्गांतही फिरा.

आधार, दहावीचा दाखला आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो पुरतो. खरी गडबड नावात होते: आधारवर ‘ज्ञानेश्वर’, दाखल्यावर ‘दिनेश्वर’. अक्षर न् अक्षर जुळवूनच पुढे जा. ऑनलाइन अर्जात मराठी नाव यंत्र आपोआप लिहितं आणि हमखास चुकवतं. ते हाताने सुधारा.

हॉस्टेलवाल्यांनी गाव किंवा हॉस्टेल, एकच पत्ता निवडावा. मतदानाच्या दिवशी जिथे असाल तो बरा. हॉस्टेलचा पत्ता असेल तर प्राचार्यांचं बोनाफाईड लागतं.

ओटीपी ज्याच्या मोबाइलवर, अर्ज त्यानेच भरावा. अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्यायला लावा. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) पडताळणीला येतील, हे घरच्यांना सांगून ठेवायला सांगा. अडलं तर मतदार हेल्पलाइन १९५० ला फोन करा.