ओपल घेताना आणि वापरताना या चुका टाळा

ओपल या रंगीबेरंगी चमकणाऱ्या खड्याबद्दलची सगळ्यात कॉमन तक्रार म्हणजे हात धुताना अंगठी भिजली आणि रंगच गेले, म्हणजे डुप्लिकेट निघाला! थांबा जरा. खडा इथिओपियाच्या वेलो भागातला असेल तर असं होऊ शकतं, तो पाणी शोषतो, काचेसारखा पारदर्शक होतो आणि पूर्ण सुकला की रंग परत येतात, कधी काही तासांत, कधी काही दिवस लागतात. खरी चूक पुढे होते, लोक घाईघाईत हेअर ड्रायर मारतात नाहीतर उन्हात ठेवतात, आणि तडा गेला की गेलाच. मऊ कपड्यावर सावलीत पडू दे. साध्या पाण्यावर निभावतं, पण तेल किंवा परफ्यूम आत शिरलं तर डाग कायमचा राहू शकतो.

गंमत म्हणजे वॉल्टर स्कॉटच्या १८२९ च्या एका कादंबरीत ओपलवर तीर्थाचा थेंब पडतो आणि त्याचं तेज जातं, तिथून हा खडा अपशकुनी ही समजूत युरोपात जोर धरते. राणी व्हिक्टोरिया मात्र हौसेने ओपल घालायची. त्यामुळे अपशकुनाचं टेन्शन नका घेऊ.

ऑस्ट्रेलियन ओपलची गोष्ट वेगळी, त्याच्यात पाणी मुळातच असतं, सहसा ६ ते १० टक्के, पण तो बाहेरून शोषत नाही. म्हणून खडा सुकू नये यासाठी "तेलात बुडवून ठेवा" हा सल्ला निव्वळ फालतू.

काळा दिसला म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या लायटनिंग रिजचा ब्लॅक ओपल असंही नाही हं. वेलोचे खडे धूर देऊन किंवा रंगवून काळे करतात. शिवाय डबलेट असतं, म्हणजे ओपलचा पातळ पापुद्रा काळ्या पाठीवर चिकटवलेला, आणि वर पारदर्शक टोपी बसवली की ट्रिपलेट. खडा आडवा धरून कडेने बघा, सरळ रेघ दिसली की जोड आहे समजा. खालून बंद कोंदणात ही रेघ लपते, तेव्हा मोठी रक्कम देण्याआधी खडा सुटा दाखवायला सांगाच. असे जोडखडे पाण्यात भिजत घालू नका, गोंद सुटतो.

मेक्सिकोचा केशरी फायर ओपल, त्यात रंगांचा खेळ बऱ्याचदा नसतोच, तो खोटा म्हणून परत करू नका.

आणि कोरड्या फडक्याने घासू नका, मोह्स या कठीणपणाच्या मापावर ओपल ५.५ ते ६.५, धुळीतले क्वार्ट्झचे (गारगोटीचे) कण ७, चरे पडणारच. दागिने साफ करायच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तर कुठलाच ओपल टाकू नका.