बोस्नियाची बातमी वाचताना आधी सही बघा

परराष्ट्र पानासाठी बातम्या निवडताना बोस्निया-हर्झगोव्हिनाचं काही आलं की मी मथळा बाजूला ठेवते आणि निर्णयावर सही कुणाची आहे ते शोधते. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. ‘बोस्निया सरकारने ठरवले’ एवढ्यावरून काहीच कळत नाही.

‘अध्यक्ष म्हणाले’ असं असेल तर विचारा, कोणते? १९९५ मध्ये युद्ध थांबवणाऱ्या डेटन करारानं देशाला तीन सदस्यांचं अध्यक्षमंडळ दिलं: एक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातले मुस्लिम), एक क्रोएट, एक सर्ब. प्रमुखपद दर आठ महिन्यांनी फिरतं. त्याखेरीज देशाच्या दोन स्वायत्त घटकांपैकी रिपब्लिका सर्पस्का या सर्बबहुल घटकाला स्वतःचा अध्यक्ष आहे, आणि दुसऱ्या घटकाला, म्हणजे दहा कँटन (जिल्ह्यासारखे विभाग) असलेल्या फेडरेशनलाही. मिलोराद डोडिक यांनी आधी अध्यक्षमंडळातलं सर्ब पद आणि नंतर पुन्हा रिपब्लिकाचं अध्यक्षपद सांभाळलं. जुनी बातमी वाचताना तारीख बघितली नाही तर गोंधळ ठरलेला. या दोन्ही घटकांपासून वेगळ्या, स्वशासित ब्रच्को जिल्ह्याचा कारभार तर तिसराच.

पुढे बघा, अडवू कोण शकतं. देशाच्या संसदेतल्या प्रतिनिधिगृहात ४२ जागा, त्यातल्या १४ रिपब्लिकाच्या. तिथले दहा जण विरोधात गेले की बहुमत असूनही ठराव पडतो. त्यामुळे ‘संसदेत बहुमत’ वाचून लगेच खूश होऊ नका.

आता मुख्य सही. कराराच्या दहाव्या परिशिष्टानं उच्च प्रतिनिधी हे पद निर्माण केलं, म्हणजे करार पाळला जातो की नाही ते बघणारा बाहेरून नेमलेला अधिकारी. सुरुवातीला त्याच्या हाती समन्वयापलीकडे फारसं काही नव्हतं. डिसेंबर १९९७ मध्ये जर्मनीतल्या बॉनला शांतता अंमलबजावणी परिषद (कराराच्या अंमलावर लक्ष ठेवणाऱ्या देशांचा आणि संस्थांचा गट) भरली, आणि तेव्हापासून तो कायदे लादू शकतो, निवडून आलेल्यांना पदावरून काढू शकतो. ‘बॉन अधिकार’ हे शब्द दिसले की निर्णय कशाबद्दल आहे ते नीट वाचा, कारण सगळे निर्णय एका जातीचे नसतात. १९९८ मध्ये गाड्यांना नव्या नंबरप्लेट आल्या. त्यांवर लॅटिन आणि सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखीच दिसणारी अक्षरं घेतली, म्हणजे गाडी कुणाच्या भागातली ते कळू नये. लोक बिनधास्त पलीकडे जाऊ लागले. माझ्या मते या पदाच्या खात्यावर इतकं निर्विवाद काम दुसरं नाही. याउलट २ ऑक्टोबर २०२२ ला मतदान संपलं आणि त्याच रात्री तेव्हाचे उच्च प्रतिनिधी ख्रिश्चन श्मिट यांनी निवडणूक कायदा बदलला. हेतू सरकार अडकू नये हाच असेल, पण मतपेट्या बंद झाल्यावर नियम बदलणाऱ्यावर विश्वास कसा बसावा? शिवाय परक्यानं सही केली की स्थानिक नेत्यांची सोयच होते. तडजोड त्यानं करायची, शिव्या त्यानं खायच्या, यांनी आपापल्या मतदारांसमोर छाती काढून फिरायचं.

म्हणून प्रत्येक बातमीत हेही तपासा: सही मानली नाही तर काय होतं? २०२३ पर्यंत याचं उत्तर धूसर होतं. त्या जुलैत श्मिट यांनी असा भंग फौजदारी गुन्हा ठरवला. त्यांनी रद्द केलेल्या कायद्यांवर डोडिक यांनी तरीही सही केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांना एक वर्षाची कैद आणि सहा वर्षांची पदबंदी झाली. ऑगस्टमध्ये अपिलातही शिक्षा कायम राहिली. कैदेऐवजी दंड भरून ते सुटले, पण अध्यक्षपद गेलं, आणि नोव्हेंबरात त्या पदासाठी मुदतपूर्व निवडणूक झाली. इथे परकी सही स्थानिक न्यायालयातून अमलात आली, हा फरक मला मोलाचा वाटतो. जून २००४ मध्ये तेव्हाचे उच्च प्रतिनिधी पॅडी अॅशडाउन यांनी एका दिवसात सुमारे साठ सर्ब पदाधिकारी घरी बसवले, तेव्हा अपिलाचा प्रश्नच नव्हता.

रशिया आणि चीन श्मिट यांची नेमणूक वैध मानत नाहीत, कारण तिला सुरक्षा परिषदेची मंजुरी नव्हती. रिपब्लिकाचा कारभार जिथून चालतो त्या बान्या लुकाहून येणाऱ्या निवेदनात ‘तथाकथित प्रतिनिधी’ असं लिहिलेलं असतं, ते यामुळे.

राहिलं सैन्य. १९९५च्या अखेरीस नाटोचे सुमारे ६० हजार सैनिक उतरले होते. २००४ पासून युरोपीय महासंघाचं छोटं ‘अल्थिया’ शांतिदल आहे, आणि त्याची मुदत सुरक्षा परिषद दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास वर्षभरासाठी वाढवते. ते मतदान चुकवू नका. कुणी नकाराधिकाराची धमकी दिली की सरायेव्होतली भाषा तेव्हाच बदलायला लागते.