मांडण्या मोजाव्यात कशा? अंकपाशापासून क्रमचयापर्यंत

काही वस्तू एका ओळीत किती वेगवेगळ्या क्रमांनी मांडता येतील, हा प्रश्न दिसायला सोपा आहे. तरीही अकरावीचे विद्यार्थी आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे उमेदवार याच प्रश्नाशी हमखास अडतात, कारण त्यांच्या हाती सूत्र आधी पडते आणि मोजण्याची रीत मागाहून येते. येथे आपण रीत आधी पाहू. वस्तूंऐवजी रिकाम्या जागांकडे लक्ष द्यावे, प्रत्येक जागा भरण्याच्या वेळी किती पर्याय शिल्लक आहेत हे स्वतःला विचारावे, आणि मिळालेल्या संख्यांचा गुणाकार करावा. क्रमचयाची, म्हणजे वस्तू क्रमाने मांडण्याच्या प्रकारांची, जवळजवळ सर्व सूत्रे या एवढ्या कृतीतून निघतात.

ही रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’च्या अखेरीस ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे आणि त्यात नेमके हेच शिकवले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. अंकपाशातली उदाहरणे इतकी नेमकी निवडलेली आहेत की पुढील विवेचनात त्यांचाच आधार घेणे मला योग्य वाटते.

पहिले उदाहरण विष्णूच्या मूर्तींचे. चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म ही चार आयुधे अदलाबदल करून दिली, तर किती वेगळ्या मूर्ती होतील? पहिल्या हातासाठी चार पर्याय आहेत. त्यांतले कोणतेही एक दिले की दुसऱ्या हातासाठी तीन उरतात, मग दोन, आणि शेवटच्या हाताला उरलेले एकच आयुध मिळते. म्हणून ४ × ३ × २ × १ = २४. संध्येत ‘केशवाय नमः, नारायणाय नमः’ असे म्हणत घेतली जाणारी नावेही चोवीस आहेत आणि मूर्तिशास्त्रात प्रत्येक नावाला आयुधांचा एकेक क्रम नेमून दिलेला आहे. कोणत्या नावाला कोणता क्रम, याबाबत ग्रंथांत मतभेद आढळतात. पण चार आयुधांचे पंचविसावे रूप कोणालाही दाखवता येणार नाही, कारण वरचा गुणाकार तेथेच संपतो.

येथे गुणाकारच का करायचा आणि बेरीज का नाही, हे नीट समजून घ्यावे. पहिल्या हातात शंख दिला, तर उरलेल्या तीन हातांच्या सहा मांडण्या होतात. चक्र दिले तरी सहाच होतात, आणि गदा किंवा पद्म दिले तरीही सहाच. सहाचा गट चार वेळा येतो, म्हणून गुणाकार. याउलट एकाच वेळी घडू न शकणाऱ्या दोन प्रकारांत मोजणी वाटली गेली असेल, तर त्या प्रकारांच्या उत्तरांची बेरीज करावी लागते. ‘हे आणि मग ते’ असेल तेथे गुणावे, ‘हे किंवा ते’ असेल तेथे मिळवावे, हा भेद प्रत्येक गणितात तपासावा लागतो.

१ पासून न पर्यंतच्या सर्व संख्यांच्या गुणाकाराला ‘न’चे क्रमगुणित म्हणतात आणि ते न! असे लिहितात. त्याची वाढ किती झपाट्याने होते हे भास्कराचार्यांच्या पुढच्याच प्रश्नात दिसते. पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य ही दहा आयुधे शंभूच्या दहा हातांत अदलाबदल करून दिली, तर मूर्तींचे ३६,२८,८०० भेद होतात. दर सेकंदाला एक या वेगाने रात्रंदिवस त्या मोजत बसले, तर बरोबर ४२ दिवस लागतील. एवढ्या मांडण्या लिहून काढणे शक्य नसते, आणि म्हणूनच न लिहिता मोजण्याची विद्या हवी.

वस्तू जास्त आणि जागा कमी असल्या तरी कृती बदलत नाही, ती फक्त लवकर थांबते. १ ते ९ या नऊ अंकांपैकी कोणतेही सहा, एकही अंक पुन्हा न वापरता, सहा स्थानांत मांडले तर किती संख्या होतील? ९ × ८ × ७ × ६ × ५ × ४ = ६०,४८०. हे उदाहरणही अंकपाशातलेच आहे. न वस्तूंपैकी र वस्तू क्रमाने मांडण्याच्या या संख्येसाठी आजची पुस्तके न! ÷ (न − र)! असे सूत्र देतात. त्यात नवीन काही नाही. ९! मधील शेवटचे ३ × २ × १ नको आहेत, म्हणून त्यांनी भागले आहे, एवढेच. सगळ्या वस्तू सगळ्या जागांवर मांडल्या तर छेदात ०! येतो. त्याची किंमत १ मानतात, कारण तशी मानली तरच सूत्राचे उत्तर वरच्या सरळ गुणाकाराशी जुळते.

अंक पुन्हा वापरायला परवानगी आहे की नाही, हा प्रश्न मात्र सूत्राच्या आधी विचारावा. आपला पिनकोड हे याचे उत्तम उदाहरण आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या योजनेतून आलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. तीतही स्थाने सहाच आहेत. पण अंक पुन्हा येऊ शकतात आणि पहिला अंक शून्य नसतो. त्यामुळे निव्वळ अंकांचा विचार केला तर ९ × १० × १० × १० × १० × १० = ९,००,००० क्रमांक संभवतात. आता हेच क्रमांक अंकांची पुनरुक्ती न करता बनवायचे ठरवले, तर पहिल्या स्थानी शून्य सोडून ९ पर्याय, दुसऱ्या स्थानी शून्य परत आल्यामुळे पुन्हा ९, आणि पुढे ८, ७, ६, ५, म्हणजे १,३६,०८०. सहा स्थानांच्या प्रश्नाची अशी तीन निरनिराळी उत्तरे येतात आणि तिन्ही आपापल्या अटींसाठी बरोबर आहेत. प्रश्नातील अटींचे शब्द अधोरेखित केल्याशिवाय लेखणी चालवू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

शून्य सोबत असले की आणखी एक काळजी घ्यावी लागते. ०, २, ५, ७ हे अंक एकेकदाच वापरून चार अंकी सम संख्या किती होतील, असा प्रश्न घेऊ. शेवटी ० किंवा २ हवा आणि सुरुवातीला ० नको, म्हणजे अटी दोन टोकांना आहेत आणि त्या एकमेकींवर परिणाम करतात. अशा वेळी एकाच गुणाकाराचा हट्ट सोडून दोन प्रकार वेगळे करावेत. शेवटी ० असेल तर उरलेले तीन अंक ३ × २ × १ = ६ प्रकारे बसतात. शेवटी २ असेल तर पहिल्या स्थानी फक्त ५ किंवा ७, म्हणजे दोन पर्याय, नंतर दोन आणि एक, एकूण ४. म्हणून उत्तर ६ + ४ = १०. ज्या जागेवर सर्वांत कडक अट आहे ती आधी भरावी, हा नियम अशा सर्व गणितांत उपयोगी पडतो.

आता सारख्या वस्तूंकडे वळू. येथेच सर्वाधिक चुका होतात. ‘कटकट’ या शब्दातील अक्षरे किती प्रकारे मांडता येतील? चारही अक्षरे वेगळी असती तर २४. पण दोन ‘क’ एकमेकांच्या जागी ठेवले तरी वाचणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक मांडणी दोनदा मोजली गेली आहे. दोन ‘ट’मुळे ती आणखी दोनदा मोजली गेली आहे. म्हणून २४ ला २! × २! ने भागावे, म्हणजे ६ उरतात: ककटट, कटकट, कटटक, टककट, टकटक, टटकक. यांतले दोन शब्द आपण रोज वापरतो. भास्कराचार्यांनी हाच प्रश्न २, २, १, १ या अंकांवर विचारला आहे आणि त्याचेही उत्तर सहाच आहे. त्यांच्या ४, ८, ५, ५, ५ या दुसऱ्या उदाहरणात ५! ÷ ३! = २० संख्या मिळतात. देवनागरीत असे गणित मांडताना एक गोष्ट आधी ठरवून घ्यावी. ‘नवनवीन’ या शब्दात ‘व’ आणि ‘वी’ ही वेगळी अक्षरे धरली, तर फक्त ‘न’ तीनदा आल्याने उत्तर ५! ÷ ३! = २० येते. काना-मात्रा सुटे करून मोजायचे ठरवले, तर प्रश्नच बदलतो.

अंकपाशातला जो भाग मला सर्वांत सुंदर वाटतो, तो आजच्या अभ्यासक्रमात फारसा भेटत नाही. दिलेल्या अंकांपासून होणाऱ्या सर्व संख्यांची बेरीज, त्या संख्या न लिहिता, कशी काढावी हे त्यात सांगितले आहे. ३, ८, ९ हे अंक घेऊ. त्यांच्या सहा संख्या होतात. एकक स्थानी ३ किती वेळा येईल? ३ तेथे ठेवला की उरलेले दोन अंक २! प्रकारे बसतात, म्हणून दोनदा. आणि ८ व ९ यांचेही तसेच. म्हणजे एकक स्थानाची एकूण बेरीज २ × (३ + ८ + ९) = ४०. दशक आणि शतक स्थानांतही हेच घडते, म्हणून पूर्ण बेरीज ४० × १११ = ४,४४०. आपण ३८९, ३९८, ८३९, ८९३, ९३८, ९८३ यांची बेरीज करून पाहावी. ती ४,४४० च येते. सारखे अंक असले तरी रीत टिकते. मांडण्यांच्या संख्येला अंकांच्या बेरजेने गुणावे, अंकांच्या संख्येने भागावे आणि आलेल्या उत्तराला जितके अंक तितक्या एकांच्या संख्येने गुणावे. २, २, १, १ साठी ६ × ६ ÷ ४ = ९ आणि ९ × १,१११ = ९,९९९. भास्कराचार्य हीच रीत २ ते ९ या आठ अंकांना लावतात. तेथे संख्या ४०,३२० होतात आणि त्यांची बेरीज २४,६३,९९,९९,७५,३६० भरते. एकाही संख्येची यादी न करता हे उत्तर मिळते, कारण कोणत्याही स्थानाला कोणताही अंक अधिक प्रिय नसतो, एवढी एकच गोष्ट ओळखलेली आहे. समरूपतेचा असा उपयोग करता येणे ही मोजणीतली खरी प्रगल्भता आहे.

ओळीऐवजी फेर असेल तर पहिली जागा कोणती हे सांगता येत नाही. भोंडल्यात हत्तीचे चित्र मध्ये ठेवून सहा मुली फेर धरतात तेव्हा सगळा फेर सरकत असतो, त्यामुळे कोण कोणाच्या शेजारी, कोणत्या हाताला, एवढ्यालाच अर्थ उरतो. ओळीतल्या ७२० मांडण्यांपैकी प्रत्येक सहा मांडण्या फेरात एकच होतात, म्हणून उत्तर ७२० ÷ ६ = १२०, म्हणजेच ५!. हाच आकडा एका मुलीला स्थिर धरून उरलेल्या पाच जणींची मांडणी केली तरी मिळतो. सहा वेगवेगळ्या मण्यांच्या माळेचा प्रश्न असेल, तर माळ उलटी करूनही ठेवता येते, म्हणून आणखी दोनाने भागून ६० येतात. मात्र गोल टेबलाची एखादी खुर्ची खास असेल, समजा ती अध्यक्षांची असेल, तर फिरवलेली मांडणी वेगळीच ठरते आणि भागाकार करण्याचे कारण राहत नाही.

शेवटी शेजाराच्या अटी. कपाटाच्या एका खणात पाच मराठी आणि तीन संस्कृत, अशी आठ वेगवेगळी पुस्तके लावायची आहेत. तिन्ही संस्कृत पुस्तके एकत्र हवी असतील, तर त्यांचा एक गठ्ठा बांधावा. गठ्ठा धरून सहा वस्तू ६! प्रकारे लागतात आणि गठ्ठ्याच्या आत ३! प्रकार होतात; ७२० × ६ = ४,३२०. कोणतीही दोन संस्कृत पुस्तके शेजारी नको असतील, तर रीत उलटी. आधी पाच मराठी पुस्तके ५! प्रकारे लावावीत; त्यांच्या मधल्या आणि दोन्ही टोकांच्या मिळून सहा फटी होतात. तीन संस्कृत पुस्तके त्या फटींत ६ × ५ × ४ प्रकारे जातात; १२० × १२० = १४,४००. अनेकांना वाटते की एकूण ४०,३२० मधून ४,३२० वजा केले की काम झाले. त्या वजाबाकीतून ३६,००० येतात खरे. पण त्यांत दोन संस्कृत पुस्तके शेजारी आणि तिसरे लांब अशा मांडण्याही शिरलेल्या असतात. ‘तिन्ही एकत्र नकोत’ आणि ‘कोणतीही दोन एकत्र नकोत’ ही वाक्ये वेगळी आहेत.

असा संशय आला की तोच प्रश्न लहान करून पाहावा. दोन मराठी आणि दोन संस्कृत पुस्तके घेतली, तर एकूण २४ मांडण्यांपैकी गठ्ठ्याच्या रीतीने ३! × २! = १२ आणि फटींच्या रीतीने २! × ३ × २ = १२ मिळतात; बेरीज जुळते, कारण संस्कृत पुस्तके दोनच असताना वरच्या दोन वाक्यांत फरक राहत नाही. पण एक मराठी आणि तीन संस्कृत पुस्तके घेतली, तर फटी दोनच होतात, आणि फटींची रीत १! × २ × १ × ० = ० असे उत्तर देते. चार पुस्तके हातात घेऊन मांडून पाहिली, तरी तशी एकही रचना सापडत नाही; वजाबाकीची घाईची रीत मात्र येथे २४ − १२ = १२ असे चुकीचे उत्तर देऊन मोकळी होते.