शिट्टी घालणारी ट्यूब बदलण्याआधी

गिटारचा ट्यूब अँप शिट्टी घालू लागला, तर मागची फळी काढण्याआधी ती शिट्टी खरोखर ट्यूबचीच, म्हणजे आतल्या काचेच्या व्हॉल्व्हचीच, आहे का, ते पाहून घ्या. गिटारची केबल काढा, रिव्हर्ब शून्यावर आणा आणि गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण, हळूहळू वाढवा. केबल नसतानाही अँप कोकलत असेल, तर दोष बहुतेक आतल्या ट्यूबचा. केबल काढताच तो गप्प झाला, तर ट्यूब मागवू नका. तेव्हा पिकअपकडे, म्हणजे गिटारवरच्या तारांची थरथर टिपणाऱ्या भागाकडे, बघायचं, किंवा स्पीकरपासून दोन पावलं लांब उभं राहायचं.

ट्यूबच्या काचेत बारीक तारेची जाळी आणि पत्र्याचे भाग असतात. वापरानं ते सैल होतात, थरथरतात, आणि ती थरथर सिग्नल होऊन पुढं वाढत जाते. कॉम्बो अँपमध्ये स्पीकर त्याच पेटीत असतो. तो ट्यूबला हलवतो, ट्यूब त्याला आणखी आवाज देते, आणि शिट्टी थांबत नाही.

पहिला संशय इनपुट जॅकजवळच्या प्रीअँप ट्यूबवर, म्हणजे गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणाऱ्या ट्यूबवर, घ्या. बहुतेक अँपमध्ये ती १२एएक्स७ असते. तिलाच ईसीसी८३ म्हणतात. मला कोल्हापुरात ती कुरियरनंच मागवावी लागते, म्हणून एक चांगली ट्यूब मी कायम घरात ठेवतो. एकच ठेवली तरी पुरते. सगळ्या ट्यूब एकदम बदलण्याचा सल्ला मला पटत नाही. पैसे जातात आणि दोषी कोण होती ते कळतच नाही.

सामान फार लागत नाही: नवी ट्यूब, आइस्क्रीमची लाकडी काडी, टॉर्च, सुती फडकं, कागदी टेप, पेन, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे. क्लीनर विसरू नका. इथल्या पावसाळ्यात तळमजल्यावर ठेवलेल्या अँपच्या सॉकेटला ओल धरते, आणि खराब संपर्काची खरखर ट्यूबच्या नावावर खपते. सॉकेट स्वच्छ केल्यावर स्प्रे पूर्ण वाळू द्या.

प्लग काढूनच फळी उघडा. ट्यूबवर पत्र्याची टोपी असेल तर ती आत्ताच उतरवा. मग अँप चालू करून, एक हात मागं ठेवून, काडीनं एकेक ट्यूब हलकेच टिचकवा. गेन जास्त असेल तर पहिली ट्यूब थोडी टणटणतेच, त्यानं घाबरू नका. टिचकी थांबल्यावरही जी गात राहते, तिच्या जागेची खूण टेपवर लिहा.

आता पुन्हा प्लग काढा आणि अर्धा तास थांबा. स्पीकर चालवणाऱ्या पॉवर ट्यूबची काच हात भाजेल इतकी तापलेली असते. मागून हात पोचत असेल तर चेसिस, म्हणजे सर्किट बसवलेला पत्र्याचा सांगाडा, बाहेर काढूच नका. हे मी कळकळीनं सांगतो: आतल्या, वीज साठवणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चारशे व्होल्टच्या वर विजेचा दाब राहू शकतो, आणि तो जीव घेऊ शकतो. चेसिस काढावीच लागली आणि कपॅसिटर रिझिस्टरमधून उतरवून मल्टिमीटरनं तपासायची सवय नसेल, तर अँप मेस्त्रींकडं न्या. तुमच्या पेठेत व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेले कुणी जुने मेस्त्री असतील, तर त्यांना हा दाब चांगला ठाऊक असतो.

ट्यूब सरळ वर ओढा, अगदी किंचित हलवत. ईसीसी८३ला नऊ पिना असतात आणि एका ठिकाणी मोकळी जागा. ती सॉकेटशी जुळल्याशिवाय जोर लावू नका. या ट्यूबला बायस, म्हणजे सिग्नल नसताना ट्यूबमधून वाहणारा प्रवाह, जुळवावा लागत नाही. ईएल३४सारख्या पॉवर ट्यूब मात्र जोडीनं, जुळवून घेतलेल्या लागतात आणि बऱ्याच अँपमध्ये त्यांचा बायसही तपासावा लागतो. ते काम जाणकारालाच द्या.

चालू करण्याआधी स्पीकरची वायर जोडलेली आहे ना, हे हातानं चाचपा. स्पीकरविना वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. स्टँडबायचं बटण असेल तर मिनिटभर त्यावर ठेवा, मग पुन्हा काडीनं टिचकवा.

काढलेली ट्यूब लगेच फेकू नका. फेज इन्व्हर्टरच्या जागी, म्हणजे पॉवर ट्यूबला लागून असलेल्या सॉकेटमध्ये, तोच प्रकार लागत असेल तर तिथं लावून बघा. त्या जागी पुढं वाढ कमी होते, त्यामुळं पहिल्या जागेवर कोकलणारी ट्यूब तिथं कित्येकदा गप्प बसते.