इन्स्टॉल होतानाच डिपेंडन्सी डाउनलोड होताहेत? या चुका टाळा

इन्स्टॉलेशन अर्ध्यावर ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणत अडकलं की आपण आधी प्रॉक्सी आणि फायरवॉल तपासतो. ते तपासाच, पण इन्स्टॉल होताना पॅकेजला (इन्स्टॉल करायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याला) डिपेंडन्सी, म्हणजे ते ज्यावर अवलंबून आहे ते इतर सॉफ्टवेअर, आणायला नेटवर जायची गरजच का पडली, हेही विचारा. माझ्या मते डाउनलोड आणि इन्स्टॉल या दोन वेगळ्या पायऱ्या असायला हव्यात. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या मुख्य विभागातल्या पॅकेजना तर बिल्ड होतानाही (सोर्स कोडपासून तयार होतानाही) नेटवर जायला मनाई आहे.

सगळ्यात महागात पडते ती लॉक फाइलवर विसंबून राहण्याची चूक. एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज मॅनेजरची लॉक फाइल पॅकेजची आवृत्ती आणि हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) पक्का करते. पण त्याच पॅकेजची इन्स्टॉल स्क्रिप्ट (इन्स्टॉल होताना आपोआप चालणारा कोड) बाहेरून काय आणते, यावर तिचा काहीच ताबा नसतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये यूए-पार्सर-जेएस या लोकप्रिय पॅकेजच्या मेंटेनरचं खातं बळकावून घातक आवृत्त्या प्रकाशित केल्या गेल्या. त्यांची प्री-इन्स्टॉल स्क्रिप्ट क्रिप्टोमायनर, म्हणजे आपल्या मशीनवर गुपचूप क्रिप्टोकरन्सी कमावणारा प्रोग्राम, उतरवून घ्यायची. कोड एकदाही न चालवता, नुसतं इन्स्टॉल केल्यावर! म्हणून स्क्रिप्ट मुळातच बंद ठेवा आणि खरोखर लागणाऱ्या तेवढ्याच चालू करा.

‘फाइल जीझिप (दाबून लहान केलेल्या) स्वरूपात नाही’ असा एरर आला, तर डाउनलोड झालेली फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहा. बऱ्याचदा आत ४०४चं (‘फाइल सापडली नाही’ सांगणारं) एचटीएमएल पान असतं. सर्व्हरने ४०४ दिला तरी कर्ल हा डाउनलोड करणारा प्रोग्राम डिफॉल्टने यशस्वी कोडच परत करतो, त्यामुळे स्क्रिप्ट बिनदिक्कत पुढे जाते. एचटीटीपी एररवर थांबण्याचा पर्याय लावा आणि फाइल उघडण्याआधी तिचा एसएचए-२५६ हॅश जुळवा.

पायथनमध्ये सगळ्या फाइल एका फोल्डरमध्ये आणूनही ऑफलाइन इन्स्टॉल फसतं. त्यात एखादं पॅकेज सोर्स स्वरूपात असेल, तर ते बिल्ड करायला पिपला (पायथनच्या पॅकेज इन्स्टॉलरला) सेटअपटूल्ससारखी बिल्डची साधनं वेगळी लागतात आणि ती फोल्डरमध्ये नसतात. शक्य तिथे व्हील, म्हणजे आधीच बिल्ड केलेलं पॅकेज, घ्या, तेही ज्या मशीनवर चालवायचं आहे तिथल्या पायथन आवृत्तीचं आणि प्लॅटफॉर्मचं.

अपवाद आहेत. मायक्रोसॉफ्टचे कोअर फाँट परवान्यामुळे डेबियनला स्वतःच्या पॅकेजमध्ये घालता येत नाहीत, म्हणून त्यांचा इन्स्टॉलर ते नेटवरून आणतो. तशी वेळ आलीच तर वापरणाऱ्याला आधी सांगा आणि फाइल स्वतः आणून ठेवायची सोय द्या.

पॅकेज प्रकाशित करण्याआधी नेटवर्क बंद केलेल्या कोऱ्या कंटेनरमध्ये (मशीनवरच्याच वेगळ्या, बंदिस्त वातावरणात) ते एकदा इन्स्टॉल करा. नेहमीच्या मशीनवरची चाचणी इथे उपयोगाची नाही, कारण जुना कॅशे (आधी उतरवून साठवलेल्या फाइल) उणीव झाकून टाकतो.