रशियन प्रोग्रॅमिंगचं पाठ्यपुस्तक इंग्रजीत कसं आणावं

'दोन्ही भाषा येतात, कोडही येतो, मग अडचण काय?' असं म्हणणाऱ्यांनी बहुधा एक प्रकरणही शेवटपर्यंत नेलेलं नसतं. 'आधी मशीनवर टाका, मग सुधारा' हा सल्ला तर त्याहून घातक. मशीनचं इंग्रजी गुळगुळीत असतं, त्यामुळे चुकलेल्या संज्ञेवरून नजर घसरून पुढे जाते.

हक्कधारकाची लेखी परवानगी घेतलीत की सुरुवात कोडपासून करा. प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः टाइप करून चालवा, पीडीएफमधून उचलू नका. सिरिलिकमधलं 'स' हे अक्षर लॅटिन 'सी'सारखंच दिसतं. आपल्या डोळ्यांना फरक कळत नाही, कोड तपासून मशीनच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरला कळतो.

खरी कसोटी संज्ञांची. पहिल्या पुस्तकात मी 'ओपेरातोर' हा शब्द सगळीकडे 'ऑपरेटर' केला. इतका ओळखीचा वाटला की शंकाच आली नाही. तपासणाऱ्या बाईंनी अख्खं तिसरं प्रकरण परत पाठवलं, कारण 'इफ ऑपरेटर', 'व्हाइल ऑपरेटर' असं इंग्रजीत कुणी म्हणत नाही. रशियन परंपरेत 'ओपेरातोर' म्हणजे बहुतेक वेळा स्टेटमेंट, प्रोग्रॅममधली एक पूर्ण आज्ञा. बेरीज-गुणाकाराच्या चिन्हाला, म्हणजे ज्याला आपण ऑपरेटर म्हणतो त्याला, तिथे 'ओपेरात्सिया' म्हणतात.

मग मी सगळीकडे एकदम 'स्टेटमेंट' करून टाकलं. तेही चुकलं. इंग्रजीच्या प्रभावामुळे बरेच रशियन लेखक अधिकच्या चिन्हालाही 'ओपेरातोर' म्हणतात. 'ओपेरातोर प्रिस्वाइवानिया' (चलाला किंमत देणं) हे पास्कल भाषेच्या पुस्तकात असाइनमेंट स्टेटमेंट असतं, सी प्लस प्लस भाषेच्या पुस्तकात बहुधा असाइनमेंट ऑपरेटर. शब्द तेच, वस्तू दोन. म्हणून या शब्दाला फाइंड-रिप्लेस कधीही लावू नका. दर वेळी शेजारचा कोड बघा आणि विचारा: लेखक एखाद्या चिन्हाबद्दल बोलतोय की पूर्ण आज्ञेबद्दल? चिन्ह असेल तर ऑपरेटर, आज्ञा असेल तर स्टेटमेंट.

'स्त्रोका'ही असाच. हा शब्द स्ट्रिंगसाठी (अक्षरांच्या सलग साखळीसाठी) वापरतात, फाइलमधल्या ओळीसाठी वापरतात आणि मॅट्रिक्सच्या आडव्या रांगेसाठीही. 'फाइलमधली पहिली स्त्रोका वाचून ती स्त्रोकेत साठवा' या एकाच वाक्यात पहिली 'लाइन' आहे, दुसरी 'स्ट्रिंग'. दोन रकान्यांचा शब्दकोश इथे कुचकामी ठरतो. तिसरा रकाना करा आणि त्यात त्या अर्थाचा कोड पान क्रमांकासह लिहा. माझ्या वहीत 'स्त्रोका'च्या तीन वेगळ्या नोंदी आहेत आणि आजही मी त्या उघडून बघतो.

आपल्यासाठी आणखी एक सापळा आहे. इंग्रजीतली 'अ' आणि 'द' ही आर्टिकल्स रशियनमध्ये नाहीत, मराठीतही नाहीत, त्यामुळे ती राहून गेली तरी आपल्याला काही खटकत नाही. पण 'अ पॉइंटर' म्हणजे कोणताही पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारा चल) आणि 'द पॉइंटर' म्हणजे वर घोषित केलेला तो. शिकणारा नेमका इथेच गोंधळतो. फक्त आर्टिकलसाठी एक वाचन वेगळं ठेवा.

दशांश स्वल्पविरामाच्या जागी टिंब, टँजंटसाठीच्या 'टीजी'च्या जागी 'टॅन': हे तासाभराचं काम.

उदाहरणांतले रशियन शब्द बदलताना मात्र भोवतालचा मजकूर वाचा. सी भाषेतलं 'स्ट्रलेन' हे फंक्शन लांबी बाइटमध्ये मोजतं; 'प्रिव्येत' या सहा अक्षरी रशियन शब्दाची लांबी ते विंडोज-१२५१ एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) ६ देतं, यूटीएफ-८ मध्ये १२. त्या जागी 'हॅलो' टाकलंत तर दोन्हीकडे ५ येतात आणि लेखकाने त्यावर लिहिलेला परिच्छेद निराधार होतो. वर्णमालेच्या स्वाध्यायाचंही तसंच. रशियन अक्षरं ३३, पण युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) 'आ' या पहिल्या अक्षरापासून 'या' या शेवटच्या अक्षरापर्यंत लूप फिरवला तर ३२च मिळतात, कारण 'यो' हे अक्षर त्या रांगेबाहेर आहे. स्वाध्यायाचा मुद्दा तोच असेल तर रशियन अक्षरं तशीच ठेवा आणि दोन ओळींची टीप द्या. नवा स्वाध्याय घालायचाच असेल तर लेखकाला विचारून घाला.

छपाईला देण्याआधी इंग्रजी प्रतीतला कोड पुन्हा चालवा आणि पानावर छापलेल्या आउटपुटशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.