केटीवेअरचे बर्गे टाकताय, काढताय? या चुका टाळा

आधीच सांगतो, मी बंधाऱ्याच्या विरोधात नाही. माझा ऊस त्याच पाण्यावर आहे आणि उपसाबंदी लागली की माझी पण झोप उडते. पण दहा-बारा वर्षं गावच्या केटीवेअरवर, म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर, बर्गे (खांबांमधल्या गाळ्यात पाणी अडवायला लावायच्या प्लेटा) टाकायला-काढायला जातोय, त्यात एक कळलं की पाणी अडवायचं का मासे जगवायचे हे जे भांडण लावलं जातं, त्यातलं निम्मं आपल्या घाईनं आणि उरलेलं आळसानं लागलेलं असतं.

एका दिवसात सगळे गाळे बंद करणं

ही सगळ्यात कॉमन चूक. माणसं जमलीत, चहा-नाष्टा झालाय, तर उरकून टाकू म्हणून सकाळी सुरू करून संध्याकाळपर्यंत सगळे बर्गे टाकून मोकळे! खाली नदीचं काय होतं बघायला कुणी जात नाही. मी एकदा गेलो होतो, बंधाऱ्याखालचा खडकाळ पट्टा दुपारपर्यंत उघडा पडलेला, डबक्यात बोटाएवढी पिल्लं अडकलेली, काठावर बगळ्यांची रांग आणि पोरं बादल्या घेऊन हजर. ही पिल्लं पावसाळ्यात अंड्यातून निघालेली म्हणजे पुढच्या सालचे मासेच की.

उपाय साधा आहे. आठ-दहा दिवसात टप्प्याटप्प्यानं भरा आणि मधल्या एका गाळ्याचे बर्गे बाकीच्यांपेक्षा एक-दोननं कमी ठेवा, म्हणजे तिथून धार चालू राहते. "पाणी वाया जातंय" अशी ओरड होणारच, पण ते वाया जात नाही ओ, खालच्या गावच्या बंधाऱ्यात जातं, आणि आपल्या वरच्या गावानं असंच केलं तर आपल्याला पण मिळतं.

परतीच्या पावसाआधी टाकणं

सप्टेंबरातच टाकले की गढूळ पाणी अडतं, गाळ बसतो, आणि परत एखादा जोराचा पाऊस आला की रात्री बॅटरी लावून बर्गे ओढत बसा. ऑक्टोबरचा मध्य उलटू द्या.

दोन ओळींमधली माती ठासून भरणं

बर्ग्यांच्या दोन रांगांमध्ये आपण माती भरतो, गळती थांबावी म्हणून. ठीक आहे. पण सगळेच गाळे पॅक केले की तळाचं पाणी सहा-सात महिने हलतच नाही, पालापाचोळा, मळी, गावचं सांडपाणी तिथं कुजत राहतं, ऑक्सिजन संपतो आणि पाणी काळं पडतं. वर ते हिरवंगार दिसतं म्हणून कळत नाही. एका गाळ्यात तळाला माती कमी भरा, झिरपू द्या थोडं.

कसं ओळखायचं? पहाटे जा. मासे पाण्यावर तोंड काढून फुटफुट करत असतील तर ऑक्सिजन कमी झालाय. माशांसाठी लिटरला ४ मिलिग्रॅम तरी पाहिजे असं प्रदूषण मंडळाचं मानक आहे, पण मीटर कुणाकडे असतो, पहाटेची फुटफुट हाच आपला मीटर. दुपारी जाऊन "सगळं ओके आहे" म्हणू नका, दुपारी उन्हात शेवाळामुळं ऑक्सिजन वाढलेला असतो.

जूनमध्ये उशीर करणं आणि मग एकदम उघडणं

इथं जरा थांबून वाचा. वळीव झाला, मृगाचा पाऊस लागला, पहिलं लाल पाणी आलं की चढणीचे मासे निघतात. आपल्या आजोबा-पणज्यांना हे तोंडपाठ होतं. अंडी घालायला ते उलट्या धारेला वर जातात, ओढ्यात, भाताच्या खाचरात. ही चढण दरवर्षी काही दिवसांचीच असते, आणि नेमकं तेव्हाच आपण "पाऊस लांबला तर?" म्हणून बर्गे तसेच ठेवतो. भीती खोटी नाही, मला पण वाटते. पण मग नदी फुगते, घाबरून एका दिवसात सगळे गाळे मोकळे करतो, आणि तळातलं ते काळं पाणी एकदम खाली जाऊन दोन-तीन मैल मेलेले मासे तरंगतात, आणि आपण फोटो टाकून कारखान्याला शिव्या देतो. कधी कारखान्याचा हात असतोही, पण दरवेळी नाही.

मे अखेरपासून रोज प्रत्येक गाळ्यातले एक-दोन बर्गे काढत या. मोटारीचा फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढायच्या पाइपचं खालचं तोंड) उघडा पडू नये एवढी लेव्हल शेवटपर्यंत राहते, आणि पहिलं पाणी येईपर्यंत तळ मोकळा झालेला असतो. काढलेल्या लोखंडी प्लेटा मोजून कुलपात ठेवा, नाहीतर ऑक्टोबरात भंगारवाल्याकडे शोधायला लागतील.

बर्गे काढले म्हणजे वाट मोकळी झाली असं समजणं

बंधाऱ्याखालची जमीन धुपून कमरेएवढी पायरी पडलेली असते. वांब काय उडी मारणारा मासा आहे का? फिश लॅडर, म्हणजे माशांना चढायला केलेल्या पायऱ्या, ही आयडिया उड्या मारणाऱ्या सालमनसाठी निघाली, ती जशीच्या तशी आपल्याकडे चालेलच असं नाही. मोठाले दगड रचून एका गाळ्याखाली खडबडीत उतार करा, त्याच्या आधारानं मासे चढतात. मोठ्या लेव्हलला काय होतं ते बंगालात गंगेवर फरक्काला दिसलंच, १९७५ ला बराज (दारांचा मोठा बंधारा) सुरू झाला आणि समुद्रातून गंगेत वरपर्यंत जाणारी हिलसा मासळी अडली.

जेसीबीनं डोह सरसकट खरवडणं

गाळ काढा, पण डोहातले खडक आणि काठची झाडं सोडा. उन्हाळ्यात मासे तिथंच तग धरतात. महाडजवळ वाळणकोंडीला देवीचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही, म्हणून तिथं महसीर टिकलाय.

आणि साठलेल्या पाण्यात चिलापी (तिलापिया, बाहेरून आलेला मासा) सोडू नका, प्लीज. उजनीत काय झालं ते बाजारात जाऊन बघा, पाटीत दुसरं काय दिसतं? चिलापीला वाहतं पाणी लागत नाही, आपल्या माशांना लागतं.

आम्ही आता बंधाऱ्याच्या खांबावरच ऑइलपेंटनं तारखा लिहितो, बर्गे कधी टाकले, कधी काढले, चढण कधी दिसली. गेल्या साली चढण आधी आली आणि आमचे चार गाळे बंदच होते, तेही लिहून ठेवलंय.